दिवस मोजू नका, पानं मोजा

पत्र : नमस्कार सर. यंदा पहिल्यांदाच गव्हाचं सगळं माझ्याकडे आहे. जमिनीचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात उकाडा असतानाच पेरलं, दुसऱ्यात २६ दिवसांनी, थंडी पडल्यावर. वाण एकच, बियाणं एकाच पिशवीतलं. माहितीपत्रकात लिहिलंय तसं दोन्हीकडे २१व्या दिवशी पाणी दिलं आणि ३०व्या दिवशी रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी फवारलं. पहिल्या तुकड्यात ५५व्या दिवशीच ओंब्या डोकावल्या, तेव्हा फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या) जेमतेम दोन-दोन होते आणि ओंब्याही आखूड. आज ६३वा दिवस आहे. दुसरा तुकडा आज ३७ दिवसांचा झाला, पण अजून वीतभरही नाही. पहिल्या पाण्यानंतर पिवळा पडला होता आणि आता काही झाडांची नवी पानं उलगडतच नाहीत, कांद्याच्या पातीसारखी नळी होऊन उभी राहतात. हा काही रोग आहे का? सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) म्हणतात, बियाणं भेसळीचं निघालं. मी रोजचं कमाल-किमान तापमान वहीत लिहिते. पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या तीन आठवड्यांची सरासरी २५ अंश येते, दुसऱ्याची १३. याचा काही संबंध आहे का? आता काय करू, आणि पुढच्या वेळी काय बदलू?
— एक वाचक

उत्तर : ताई, बियाण्याला दोष देऊ नका. वहीत तुम्ही जे दोन आकडे लिहिलेत, २५ आणि १३, त्यातच तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. पत्रं पुष्कळ येतात, पण आकडे घेऊन कुणी येत नाही.

माहितीपत्रकातले दिवस खोटे नाहीत. ते एका विशिष्ट हवामानात, वेळेवर पेरलेल्या गव्हासाठी काढलेले असतात. १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं, ४० ते ४२ ला फुटवे, मग कांडी (काडी उंच चढू लागते), ६० ते ६५ ला पोटरी (ओंबी पानाच्या आवरणात फुगते), ८० ते ८५ ला फुलोरा आणि चीक (दाण्यात दुधासारखा रस). हवा ठरलेल्या चालीने गेली तर हे गणित जुळतं. हवा उष्ण किंवा थंड निघाली की कागदावरचे दिवस आणि शेतातलं झाड यांची ताटातूट होते. कारण गव्हाचं झाड दिवस मोजत नाही, त्याला मिळालेली ऊब मोजतं. ही कल्पना नवी नाही. रोजच्या तापमानाची बेरीज करून पिकाच्या अवस्था सांगता येतील, असं रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ सालीच मांडलं होतं.

हिशेब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनाने भागा. त्यातून पाया, म्हणजे ज्याच्या खाली वाढ थांबते ते तापमान, वजा करायचा. गव्हासाठी तो शून्य अंश धरला तर येणारा आकडा म्हणजे त्या दिवसाचे अंश-दिवस. (काही ठिकाणी पाया चार-पाच अंश धरतात. कोणताही धरा, मध्येच बदलू नका.) पेरलेला गहू जमिनीवर यायला ढोबळमानाने १२५ अंश-दिवस लागतात, जास्त खोल पडला तर आणखी. त्यानंतर मुख्य काडीवर दर १०० अंश-दिवसांना एक नवं पान येतं. वाणागणिक हा आकडा ८० ते ११० च्या दरम्यान हलतो, पण हाताशी धरायला १०० बरा.

आता तुमची वही उघडू. पहिल्या तुकड्यात २१ दिवस गुणिले २५ म्हणजे ५२५. त्यातून उगवणीचे १२५ गेले, उरले ४००. म्हणजे पाणी दिलंत तेव्हा झाडावर चार पानं होती. दुसऱ्या तुकड्यात २१ गुणिले १३ म्हणजे २७३. उगवणीचे वजा केले की उरतात १४८, म्हणजे दीड पान. एकाच पिशवीतलं बियाणं, एकच २१वा दिवस, पण एक झाड फुटवे काढायला लागलेलं आणि दुसरं नुकतं डोळे उघडत असलेलं. दोघांना एकच वागणूक मिळाली.

पिवळेपणा तिथून आला. पहिल्या पाण्याचं सगळं महत्त्व मुकुटमुळांसाठी असतं. गव्हाला दोन तऱ्हेची मुळं येतात. पहिली दाण्यातून येतात, ती बारीक असतात. दुसरी जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, जिथून फुटवे निघतात त्या गाठीपासून येतात. ती जाड आणि पांढरीशुभ्र. बी कितीही खोल टाका, ही गाठ झाड साधारण त्याच उंचीवर बांधतं. वरची माती कोरडी पडून कडक झाली असेल तर ही मुळं आत शिरू शकत नाहीत, म्हणून त्या वेळचं पाणी चुकवायचं नसतं. पण दीड पानावर ही मुळं नसतातच. थंड जमिनीत, वापरणारी मुळं नसताना भरलेलं पाणी वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडतं, मुळांची हवा कोंडते आणि झाड पिवळं पडतं. बहुतेक वेळा जमीन सुकली की ते सावरतं. तुमचंही सावरलेलं दिसतंय.

नळी झालेली पानं

हा रोग नाही. माझ्या मते हे तणनाशकाचं काम आहे. टू-फोर-डी गव्हावर चालतं, पण एका ठरावीक खिडकीत. फुटवे चांगले निघाल्यानंतर आणि कांडी धरण्याआधी. त्याआधी फवारलं की पानं कांद्याच्या पातीसारखी गुंडाळून राहतात आणि पुढे काही ओंब्या वाकड्यातिकड्या निघतात. कांडी धरल्यावर फवारलं तर आत तयार होणाऱ्या ओंबीला मार बसतो आणि दाणेच कमी भरतात. ३०व्या दिवशी तुमच्या दुसऱ्या तुकड्यात अडीच पानं होती, म्हणजे फवारणी फार लवकर झाली. पहिल्या तुकड्यात मात्र जवळजवळ सहा पानं झाली होती. तो कांडीच्या उंबरठ्यावर होता, त्यामुळे तिथे खिडकी बंद होत आली होती. एकच तारीख दोन्हीकडे चुकली आणि दोन विरुद्ध दिशांनी चुकली.

नळी झालेल्या पानांवर आता कसलीही फवारणी करू नका. बुरशीनाशक नको आणि टॉनिकही नको. पुढची पानं सरळ येतील. राहिलेलं तण हाताने काढा. तणनाशकाच्या डब्यावरच्या लेबलात पुष्कळदा पिकाची अवस्था पानांत आणि फुटव्यांत दिलेली असते. ती ओळ आपण सोडून देतो आणि 'पेरणीनंतर इतके दिवस' तेवढं वाचतो.

लवकर आलेल्या ओंब्या

ओंब्या दिसल्या की घरात आनंद होतो. पण गव्हात घाईने आलेली ओंबी ही बहुधा तोट्याची असते, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

ओंबी तुम्हाला दिसते ५५व्या दिवशी, पण ती घडते कितीतरी आधी. झाड पाच-सहा पानांचं असताना, जमिनीच्या पातळीला, काडीच्या आत तिच्यावर दाण्यांची घरं किती असणार हे ठरून जातं. शेवटचं घर बसलं की तो आकडा कायमचा. नंतर कितीही खत-पाणी दिलं तरी ओंबीवर एक घर वाढत नाही. त्यापुढे फक्त वजाबाकी होऊ शकते.

ही घरं बांधायला लागणारी ऊब साधारण ठरलेली असते. सरासरी २५ अंश असेल तर १०० अंश-दिवस चार दिवसांत भरतात, साडेबारा असेल तर आठ दिवस लागतात. पान दोन्हीकडे एकच आलं. पण थंडीत त्या पानाला आठ दिवसांचं ऊन मिळालं, उकाड्यात चारच दिवसांचं. पीक वाढतं ते उन्हावर, अवस्था पुढे सरकतात त्या उबेवर. ऊब भराभर मिळाली की पीक प्रत्येक अवस्थेतून उपाशीच पुढे ढकललं जातं. कमी पाल्यावर कमी फुटवे आणि आखूड ओंबी. लग्नाच्या पंगतीत वाढपी धावत सुटला की ताटात काही पडायच्या आत पुढचा पदार्थ येतो, तसं झालं हे.

फुटव्यांचंही एक वेळापत्रक असतं. चौथं पान डोकावतं तेव्हा पहिल्या पानाच्या बगलेतून पहिला फुटवा निघतो, पाचव्या पानाला दुसऱ्या पानाच्या बगलेतून दुसरा, असं पुढे. त्या वेळी झाडाला ताण असेल (पाणी नाही, नत्र नाही, बी फार खोल पडलंय, तणाची दाटी आहे) तर तो फुटवा निघत नाही, आणि राहिलेला फुटवा सहसा परत येत नाही. झाड पुढच्याकडे जातं. यातून एक छान तपासणी करता येते. पहिल्या तुकड्यातलं एक झाड मुळासकट उपटा, धुवा, आणि बुंध्याशी नखाने एकेक पान खाली सोला. कोणत्या पानाच्या बगलेत फुटवा नाही ते बघा. पहिल्या पानाजवळची जागा रिकामी असेल तर ताण चौथं पान येतानाचा आहे. दुसऱ्याजवळची रिकामी असेल तर त्याच्या थोडा नंतरचा. झाड स्वतःची हकिकत लिहून ठेवतं, आपल्याला वाचता यायला हवी.

गहू एकट्या तापमानावर चालतो असं मात्र नाही. थंड देशांत हिवाळ्याआधी पेरतात त्या गव्हाला शून्याच्या थोडं वर, सहा-आठ आठवड्यांची थंडी लागल्याशिवाय ओंबी येतच नाही. उकाड्यात तो नुसता गवतासारखा पसरून राहील. शिवाय गहू मुळात लांब दिवसाचं पीक आहे, दिवस मोठा होऊ लागला की त्याला ओंबीची घाई होते. गव्हाचे संशोधक नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वर्षाला दोन पिकं घेऊन बुटके वाण तयार केले. एक पीक सोनोराच्या सखल भागात, दुसरं तोलुकाच्या उंच थंड पठारावर. त्या धावपळीत दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारी झाडं आपोआप निवडली गेली. त्यामुळेच ते बुटके गहू जगभर कुठेही रुजू शकले. आज उबदार प्रदेशात पेरले जाणारे बहुतेक वाण याच वळणाचे आहेत. थंडीची अट नाही, दिवसाच्या लांबीची नाही किंवा नाममात्र आहे. राहिलं काय? तापमान. म्हणून अशा वाणांना लवकर पेरण्याची शिक्षा जास्त कडक असते. त्यांना थांबवून धरणारं दुसरं काही नसतं.

पहिल्या तुकड्यात आता

ओंब्या दिसून आठ दिवस झाले, म्हणजे फुलोरा सुरू असेल. सकाळी जवळ जाऊन बघा. ओंबीच्या मधल्या भागातून पिवळे परागकोश लोंबायला लागतात, मग वर आणि खाली पसरतात. एका ओंबीचं हे काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. गहू स्वतःच्याच परागावर फळतो, आणि कोश बाहेर लोंबताना दिसतात तेव्हा परागीभवन बहुतेक होऊन गेलेलं असतं.

या दिवसांत गहू दोन्ही बाजूंनी नाजूक असतो. ३१ अंशांच्या वर उकाडा गेला तर पराग खराब होऊन दाणेच धरत नाहीत. तुमच्याकडे आत्ता ते भय नाही. तुम्हाला भय आहे थंड रात्रीचं. झाड लहान असताना त्याचा वाढणारा शेंडा जमिनीखाली सुरक्षित असतो, पण ओंबी उघड्यावर आली की दव गोठण्याइतकी थंडी तिला सोसत नाही. दाणा धरत नाही आणि ओंबी पांढरी पडते. अशा रात्रीचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. फार नाही, एखाद-दोन अंशांचा फरक पडतो, पण काठावरच्या रात्री तेवढाच पुरतो.

कमी फुटव्यांची भरपाई म्हणून युरिया टाकावासा वाटेल. टाकू नका. फुटव्यांची वेळ केव्हाच गेली. आत्ता दिलेल्या नत्राने फार तर दाण्यातली प्रथिनं थोडी वाढतील, दाणे वाढणार नाहीत.

एक चांगली गोष्ट. या तुकड्यात दाणे कमी असतील पण ते भरतील उत्तम. फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंत गव्हाला साधारण ७५० अंश-दिवस लागतात. सरासरी १५ अंशांवर त्याचे ५० दिवस होतात, २० वर ३७, २५ वर ३०. तुमची थंडी टिकली तर दाण्याला भरायला भरपूर वेळ आहे. त्या वेळात जमीन कोरडी पडू देऊ नका, बाकी काही करायचं नाही.

दुसऱ्या तुकड्यात आता

इथे चित्र बरोबर उलटं आहे. दाणे भरपूर धरण्याची संधी अजून शाबूत आहे, पण दाणा भरेल तेव्हा हवा तापायला लागलेली असेल. पहिला तुकडा दाण्यांच्या संख्येत मागे राहणार, दुसरा वजनात मागे राहण्याची भीती आहे. त्यामुळे दोन्हीकडे मेहनत वेगळी घ्यायला हवी.

३७ दिवस गुणिले १३ म्हणजे ४८१, वजा १२५, म्हणजे साडेतीन पानं. चौथं पान येत असेल, पहिला फुटवा आत्ता डोकावेल आणि मुकुटमुळं आत्ता सुटत आहेत. पत्रकातला '२१वा दिवस' तुमच्या शेतात आज उगवलाय. दोन-चार झाडं खुरप्याने मातीसकट काढा. बुंध्याशी पांढरी जाड मुळं दिसताहेत का, आणि वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर ओला आहे का, बघा. मुळं दिसली आणि माती कोरडी असली तर पाणी द्या. ओल असेल तर थांबा. मागच्या वेळी भरलंत तेवढं भरू नका, हलकं द्या. आणि युरियाचा राहिलेला हप्ता या पाण्याबरोबर द्या, पुढे ढकलू नका. फुटवे आणि ओंबीवरची घरं, दोन्ही येत्या तीन-चार आठवड्यांत ठरणार आहेत. नत्र तेव्हा मुळांपाशी असायला हवं. कांडी धरल्यावर टाकलेल्या नत्राने राहिलेले फुटवे परत येत नाहीत.

कांडी केव्हा धरली हे कसं ओळखायचं? सर्वांत जोमदार काडी मुळापासून कापा आणि ब्लेडने उभी चिरा. आत एक पांढुरका टोकदार कण दिसेल. तीच ओंबी. सुरुवातीला तिला बघायला भिंग लागतं, नंतर ती तांदळाच्या कणीएवढी होते. तिचं टोक फुटव्यांच्या गाठीपासून एक सेंटिमीटर वर चढलं आणि खाली पोकळ कांडी दिसू लागली की कांडी धरायला सुरुवात झाली. एकदा ही कणी डोळ्यांनी पाहिली की माणूस पुन्हा 'पेरून किती दिवस झाले' असं विचारत नाही. अण्णांनाही दाखवा. भेसळीची शंका त्यांना तिथेच मिटवता येईल. दोन्ही तुकड्यांतल्या काड्या शेजारी ठेवून चिरा.

तापमान आपल्या हातात नाही म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. कांडी धरेपर्यंत शेंडा जमिनीखाली असतो, म्हणून त्याला हवेचं नव्हे, मातीचं तापमान लागतं, आणि मातीचं तापमान पाण्याने, आच्छादनाने, ढेकळं फोडण्याने थोडंफार हलतं. पेंढ्याचं आच्छादन उष्ण मातीत फायद्याचं, ती काही अंशांनी थंड राहते. तुमच्यासारख्या गारठलेल्या तुकड्यात मात्र तेच आच्छादन वाढ आणखी मंद करेल, म्हणून तिथे आत्ता घालू नका. कांडी धरल्यावर शेंडा हवेत येतो आणि मग हातात एकच हत्यार उरतं, पाणी. पाणी मिळणारं पीक पानांतून वाफ सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहतं. पाण्याचा ताण पडला की ही वाफ थांबते, पीक तापतं, आणि अवस्था आणखी भराभर पळतात. उन्हाळी झळा आणि कोरडी जमीन असे दोन मार एकदम बसतात ते यामुळे.

दाणा भरताना गव्हाला १५ ते २० अंश सरासरी मानवते. १५ च्या वर सरासरी जितक्या अंशांनी चढेल, तितक्या वेळा दाण्याचं वजन तीन-चार टक्क्यांनी घटतं असं मोजलं गेलंय. सगळ्या जगाचा विचार केला तर तापमान एका अंशाने वाढल्यावर गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०१५ साली अनेक पीक-मॉडेलं (पिकाच्या वाढीची संगणकावरची गणितं) एकत्र तपासून मांडला गेला. म्हणून या तुकड्यात शेवटची दोन पाणी, चीक भरतानाचं आणि दाणा घट्ट होतानाचं, चुकवू नका. हलकी पाणी द्या आणि वारा पडल्यावर, संध्याकाळी द्या. भरल्या ओंब्यांचं पीक, ओली जमीन आणि वारा एकत्र आले की लोळणं ठरलेलं. पोटॅशियम नायट्रेटची फवारणी उकाड्यात थोडी मदत करते असं दिसलंय. पण ती जोडीला आहे, पाण्याऐवजी नाही. पाण्याचे पैसे फवारणीत घालू नका.

पुढच्या वेळी

पेरणीची तारीख पुढून नव्हे, मागून काढा. आधी ठरवा की फुलोरा केव्हा हवा. दव गोठवणाऱ्या शेवटच्या रात्रीनंतर आणि उकाडा चढण्याआधी. ही खिडकी सगळीकडे वेगवेगळी असते, तुमची तुमच्याच वहीतून कळेल. तुमच्या वाणाला पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत यंदा किती अंश-दिवस लागले ते पहिल्या तुकड्यातून काढा. साधारण अकराशे ते बाराशेच्या घरात यावा. मग खिडकीच्या मधल्या तारखेपासून मागे मोजत या, आकडा भरला ती पेरणीची तारीख. गव्हाच्या शेतीत याच्याएवढा मोठा निर्णय दुसरा नाही, आणि याला पैसा लागत नाही.

जमीन रिकामी झाली म्हणून लवकर पेरायचंच असेल तर जास्त दिवसांचा वाण घ्या, म्हणजे तो घाई करणार नाही. उशीर झाला तर कमी दिवसांचा घ्या आणि बियाणं चतुर्थांश वाढवा, कारण फुटवे कमी निघणार हे गृहीतच आहे. फुटव्यांची उणीव मुख्य काड्यांनी भरून काढायची. एकच वाण दोन्हीकडे पेरला, हीच यंदाची खरी अडचण होती.

खोली पाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. बुटक्या वाणांच्या कोंबावरचं आवरण मुळातच आखूड असतं आणि गरम मातीत ते आणखी आखूड होतं. ओल शोधत खोल पेरलं की कोंब मातीतच पान उघडतो आणि गुदमरतो. उकाड्यात पेरायचं तर आधी जमीन ओलवा, वाफशावर पेरा, पण पाभर (पेरणीचं अवजार) खोल दाबू नका.

तापमापक भिंतीवर टांगला असेल तर तो काढा. तापलेली भिंत रात्रीही ऊब सोडत असते, त्याने किमान तापमान चढं दिसतं. छाताडाच्या उंचीवर, सावलीत, वारा लागेल असा टांगा. आणि वहीत तापमानाशेजारी एक रकाना वाढवा : पानं किती, फुटवे किती, काडीवर पहिली गाठ केव्हा, परागकोश केव्हा. जगभर यासाठी झाडोक्स या डच शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली बसवलेली शून्य ते ९९ ची अंकांची पट्टी वापरतात. तीन पानांना १३, पहिल्या फुटव्याला २१, पहिल्या गाठीला ३१, अर्ध्या फुलोऱ्याला ६५. औषधाच्या लेबलावर असले आकडे दिसले तर दचकू नका, ते हेच.

पहिल्या तुकड्याची कापणी झाली की हजार दाण्यांचं वजन करा आणि दुसऱ्याचंही करा. वाण एक, जमीन शेजारची, फरक फक्त हवेचा. दोन्ही आकडे मला कळवा, पुढच्या पेरणीची तारीख आपण त्यावरून नक्की करू.